आप्पांनी विचारलंच नाही

आप्पांच्या श्राद्धाच्या दिवशी घरच्या ग्रुपवर जे झालं, त्यानं आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नाही. माझ्या भाच्यानं आप्पांचे जुने फोटो आणि व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे आवाजी निरोप कुठल्याशा अॅपमध्ये घातले आणि चार वर्षांपूर्वी गेलेले आप्पा सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरात खुर्चीवर बसून बोलायला लागले. "मी बरा आहे. तुम्ही सगळे सुखात राहा. भांडू नका."

आक्का रडली. वहिनीनं हात जोडले. आणि मामांनी लिहिलं, "असली जपानी थेरं आपल्यात नकोत. तिकडं बाहुल्यांशी लग्नं लावतात, म्हातारी माणसं यंत्राच्या हवाली करतात. निदान पितरांना तरी सोडा."

जपानी थेरं! ओसाकात मला सोळा वर्षं झाली. व्हिडिओ केला सांगलीच्या पोरानं, सांगलीत बसून, आणि बोल लागला माझ्या दारातल्या देशाला.

मामा म्हणतात ते लग्न खरं आहे. २०१८ साली टोकियोत एका माणसानं हात्सुने मिकू या संगणकी गाणाऱ्या मुलीशी सोहळा करून लग्न केलं. कायद्यानं त्या लग्नाला काही अर्थ नाही. २०२० साली, ज्या यंत्रातून ती त्याच्याशी बोलायची त्याची सेवा कंपनीनं बंद केली. बातमी वाचून इथं ऑफिसात कुणी हसलं नव्हतं. त्या माणसाला मिकू खरी बाई वाटत नव्हती, ती काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी त्याचा जीव तिच्यात होता. ज्याच्यात जीव गुंतवला ते बंद करायचं बटण दुसऱ्याच्या हातात होतं. मला त्यातलं तेवढंच भयंकर वाटतं.

क्योतोच्या कोदाइजी देवळात २०१९ पासून कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेच्या रूपातला यंत्रमानव प्रवचन देतो. माणसासारखे यंत्रमानव बनवणाऱ्या, ओसाका विद्यापीठाच्या इशिगुरोंचा त्यात हात आहे. मी ते प्रवचन ऐकलंय. चेहरा आणि हात माणसाच्या कातडीसारखे, बाकी अंगातल्या तारा नि धातू उघडे. समोर बसलेल्याला कळतं की हे यंत्र आहे, आणि तरी माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मामांना मी हेच लिहिलं, की इथं झाकून काही नसतं. आपल्याकडं मात्र गेलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं घालतात आणि खाली 'आप्पांचा आशीर्वाद' लिहितात.

हे लिहिताना मी एक गोष्ट गाळली. कॉम्बिनीतल्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, एटीएमवर पोलिसांचा कागद असतो, "मी बोलतोय, मी" म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका म्हणून. ओरे-ओरे फसवणूक म्हणतात तिला. वीस वर्षांहून जुनी आहे, तेव्हा आवाजाची नक्कल करणारं यंत्र नव्हतं. नुसतं "मी" म्हटलं की म्हाताऱ्या आईला त्या आवाजात आपला मुलगा ऐकू यायचा. आमच्या मजल्यावरच्या आजी अशाच फसल्या. पैसे गेल्याचं दुःख त्यांनी एकदाच बोलून दाखवलं. वर्षभर फोन न करणाऱ्या मुलानं शेवटी फोन केला म्हणून त्या दिवशी किती आनंद झाला होता, हे मात्र मला तीनदा सांगितलं.

आणि "आपल्यात नकोत" म्हणजे काय? मामा सांगलीचेच ना? १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर झालं, ते करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडाच्या बाहुल्याही घडवल्या होत्या. त्या पुढं रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. बालगंधर्व आपल्या नागठाण्याचे. रंगमंचावरची ती बाई पुरुष आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला लागल्या आणि पुरुष त्या बाईसाठी झुरले. नसलेल्या माणसावर जीव लावायला सांगलीला जपानानं शिकवलं नाही. मामांना माझं एवढंच सांगणं होतं, आणि ते मी फार कडक शब्दांत सांगितलं. थोरल्यांशी असं बोलायला नको होतं.

कारण व्हिडिओ मलाही नकोच होता. दोन्हीकडून भांडले मी. भाच्याला फोन करून म्हटलं, "काढून टाक तो." तो म्हणाला, "आत्या, तुझ्यासाठीच केला गं. तुला येता आलं नव्हतं ना."

आप्पा २०२१ च्या मे महिन्यात गेले. नेहमीची विमानं बंद होती, व्हिसाचे नियम रोज बदलत होते. अमरधाममधलं सगळं मी फोनवर पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी जळणारा कचरा टाकायचा वार होता म्हणून सकाळी पिशवी घेऊन खाली गेले. सांगलीतलं कुणी त्याबद्दल मला कधी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मासाहिरो मोरी नावाच्या जपानी प्राध्यापकांनी १९७० मध्ये लिहिलं होतं, की यंत्र जसजसं माणसासारखं होतं तसतसं ते आवडायला लागतं, पण अगदी जवळ आलं की एकदम अंगावर काटा येतो. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं होतं. दिसायला खरा, हातात घेतला की गार. मला तो काटा चष्म्यापाशी आला. आप्पांच्या चष्म्याची उजवी काडी मोडली होती, ती त्यांनी तांब्याच्या तारेनं बांधली होती, नवा चष्मा घेऊन दिला तरी तोच लावायचे. व्हिडिओत तार नव्हती. काडी कानापाशी जाऊन कातडीतच विरघळत होती.

तरी त्या रात्री मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. दिवा मालवून तातामीच्या चटईवर पडून. एकदा "हो आप्पा" असं मोठ्यानं बोललेसुद्धा. बरं वाटत होतं, आणि का बरं वाटतंय ते कळत नव्हतं. पहाटे कधीतरी कळलं. हे आप्पा मला काही विचारत नव्हते. खरे आप्पा बारा वर्षांत एकदाही "कधी येतीस?" विचारल्याशिवाय बोलणं संपवायचे नाहीत. मला त्या प्रश्नाची धास्ती वाटायची. कधीकधी फोन वाजू द्यायचे.

न विचारणारे आप्पा मला हवे होते, आणि यंत्रानं ते दिले.

भाच्याला पुन्हा फोन केला. "तुझ्याकडच्या निरोपांत ते 'कधी येतीस' नव्हतं का रे?"

"सगळ्यांतच होतं," तो म्हणाला. "श्राद्धाला बरं दिसणार नाही म्हणून मीच काढलं."

मूळ निरोप पाठव म्हटलं. एकतीस आले. त्यातला एकच आजवर ऐकला. मागं कुकरच्या शिट्ट्या, आईची हाक, आप्पा आधी खोकतात, या वर्षी हळदीला भाव बरा आहे म्हणून सांगतात. मग जरा थांबतात, आणि विचारतात.