‘बी.कॉम. कशाला, कोचिंग लावा’ म्हणणाऱ्यांना

बारावीचे निकाल लागले की इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरायला लागतो. सार असं: बँकेत जायचं असेल तर बी.कॉम., फायनान्स वगैरे शिकणं म्हणजे तीन वर्षं पाण्यात. परीक्षेत त्यातलं काही विचारत नाहीत, काम बँक शिकवते, हिशेब कॉम्प्युटर करतो. तेव्हा बी.ए.चा प्रायव्हेट (बहिःस्थ) फॉर्म भरा आणि भंवरकुआंला कोचिंग लावा, वय निघून जाईल. मी बँकेच्या कर्ज विभागात बसते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘परीक्षेत विचारत नाहीत.’ पूर्वपरीक्षेपुरतं खरं आहे. सरकारी बँकांची भरती परीक्षा आयबीपीएस ही संस्था घेते; तिच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) प्रीलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, इंग्रजी, गणित, रीझनिंग. ताळेबंदाचा एकही प्रश्न नाही. इंजिनिअरिंगची पोरं तिथे कॉमर्सवाल्यांना सहज मागे टाकतात, हेही मान्य. पण प्रीलिमचे गुण अंतिम यादीत धरतच नाहीत. मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, अर्थव्यवस्था आणि बँकिंगचा स्वतंत्र विभाग असतो, मग मुलाखत, आणि या दोन्हींचं वजन ८०:२०. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी (अधिकारी) परीक्षेत तर दुसऱ्या टप्प्यात फायनान्स आणि मॅनेजमेंटचा अख्खा पेपर आहे. शिवाय तिथे खुल्या गटाला पदवीत किमान ६० टक्के, नाहीतर पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात. प्रायव्हेट फॉर्म भरून काठावर पास झालेल्याला नुसत्या त्या पदवीवर ते दार बंद. हे त्या मजकुरात कुठेच नाही.

‘काम बँक शिकवते.’ शिकवते ना! कुठला फॉर्म, कुठला स्क्रीन, कुणाची सही, हे सगळं शिकवते. समोरचा कागद खरं बोलतोय का, हे ओळखायला मात्र प्रशिक्षणाचे थोडे दिवस पुरत नाहीत.

समजा सांवेर रोडवरचा एक नमकीनवाला आहे, कॅश क्रेडिट, म्हणजे मालावर आणि येण्यांवर लागेल तशी उचल करायचं कर्ज, घेतलेला. महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट आणून देतो: बेसन, तेल, तयार शेव मिळून माल ४० लाखांचा, येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, २० लाखांची. नवा अधिकारी बेरीज करतो ६० लाख, २५ टक्के मार्जिन (धंदेवाल्याने स्वतः घालायचा वाटा) कापतो आणि ४५ लाखांची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा, टाकून मोकळा होतो. आता तेच पान नीट वाचा. बेसन-तेलवाल्यांचे १५ लाख अजून द्यायचे आहेत. म्हणजे तेवढा माल त्यांच्याच पैशावर पडून आहे. त्यावर बँकेनेही कर्ज दिलं तर एकाच मालावर दोनदा उचल झाली. राहिले २५ लाख. येण्यांपैकी ६ लाख तीन महिन्यांहून जुने, ते बँक सहसा धरत नाही. राहिले १४. एकूण ३९ लाख, मार्जिन वजा जाता सव्वाएकोणतीस लाख. फरक पावणेसोळा लाखांचा! आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. ड्रॉइंग पॉवरच्या वर बाकी सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. आकडा फुगवून टाकला तर बिघडलेलं खातंही कागदावर ठणठणीत दिसत राहतं आणि कळतं तेव्हा वसुलीला माल उरलेला नसतो.

देणी का वजा करायची, हे ज्याने वर्किंग कॅपिटलचं (धंद्याच्या खेळत्या भांडवलाचं) प्रकरण समजून वाचलंय त्याला सांगावं लागत नाही.

‘हिशेब कॉम्प्युटर करतो.’ हो, वरचे ४५ लाखही त्यानेच काढून दिले असते.

‘तीन वर्षं पाण्यात.’ इथे माझी थोडी सहमती आहे. खजुरी बाजारातून गाइड आणायचं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उघडायचं, असं बी.कॉम. करणाऱ्याची तीन वर्षं खरंच पाण्यात जातात. तो दोष विषयाच्या माथी का मारायचा? नोकरी लागल्यावर जेएआयआयबी या बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेला बहुतेक जण बसतातच, कारण पास झालं की पगारवाढ आणि पुढे बढतीलाही उपयोग. त्यात बँकर्ससाठी अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंटचा पेपर आहे. रोज रात्री आठला घरी पोचून, पोराला झोपवून, डेबिट-क्रेडिट पहिल्यापासून शिकणारे माझे सहकारी मी पाहते. हुशार आहेत, निभावतात. पण कॉलेजात ते फुकट आणि निवांत शिकता आलं असतं. आणि बँक म्हणजे फक्त पीओ-क्लार्क असंही नाही. क्रेडिट ऑफिसरच्या (कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) थेट भरतीत अनेकदा सीए किंवा एमबीए फायनान्स मागतात. तिथे नुसत्या रीझनिंगच्या शॉर्टकटवर काम भागत नाही.

‘वय निघून जाईल.’ आयबीपीएस पीओची वयोमर्यादा २० ते ३०. एकविसाव्या वर्षी पदवी हातात आली तरी नऊ वर्षं शिल्लक. घाई कोणाला आहे, हे कोचिंगच्या फीची पावती बघून ठरवा.

कोचिंग लावू नका असं मी म्हणत नाही. शेवटच्या वर्षात गणित-रीझनिंगचा वेग वाढवायला लावाच. त्याच्या जोडीला कुठल्याही सरकारी बँकेचा वार्षिक अहवाल तिच्या साइटवरून उतरवून घ्या. ठेवी देण्यांच्या बाजूला आणि कर्जं मालमत्तेत बघून आधी गोंधळ होईल. मग शेड्यूल ९ मधली कर्जं बघा आणि शेड्यूल १८ मधल्या टिपांत त्यातली किती बुडीत निघाली ते शोधा. मागच्या वर्षीचा आकडा शेजारीच छापलेला असतो.