‘पहिल्याच फेरीत बुडाली’: एका फॉरवर्डला उत्तर

जुलै संपत आला होता. मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस उरले होते आणि पणजीजवळच्या मालीमच्या जेटीवर माझ्या मावसभावाचा नवाकोरा ट्रॉलर रंग लावून, नंबर घालून तयार होता. नेमका त्याच आठवड्यात तो फॉरवर्ड फिरायला लागला. आधी वाड्याच्या ग्रुपवर आला, मग भजनी मंडळाच्या, आणि शेवटी मावशीने तो थेट मला पाठवला. खाली तिची स्वतःची एक ओळ: “तू बोटींच्या कारखान्यात होतास ना? हे खरं असेल तर त्याला थांबव.”

मी इंजिनीयर नव्हे. नदीकाठच्या एका यार्डात खनिजाच्या बार्जी बांधायचे, तिथे मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं. पण बोट पाण्यात उतरताना आणि उतरल्यावर काय काय करतात ते रोज डोळ्यांसमोर असायचं, शिवाय जहाजांबद्दल वाचायचा नाद आहे. म्हणून हे लांबलचक उत्तर. मावशीला तोंडी सांगून झालंय, पण ग्रुपवर अजून चौघे विचारतायत.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: नवं जहाज पहिल्याच फेरीत बुडतं, त्यामागे शाप किंवा अपशकुन असतो, आणि विज्ञानाकडे याला उत्तर नाही. पुरावे म्हणून दिलंय की टायटॅनिकवर बाटली फोडली नव्हती, तिचा नंबर आरशात धरला तर ‘नो पोप’ असा वाचता यायचा, आणि तिच्यात इजिप्तची ममी होती. बुडालेली सगळी जहाजं म्हणे अमावास्येला निघालेली. आपली ‘रामदास’ आणि गुजरातची ‘वीजळी’ पहिल्याच फेरीत गेल्या. आणि गोवा लुटून निघालेलं पोर्तुगीजांचं जहाज सप्तकोटेश्वराच्या शापाने पहिल्याच सफरीत तळाला गेलं. शेवटी अर्थातच, अकरा जणांना पाठवा.

घरचं आधी घेऊ. ते पोर्तुगीज जहाज म्हणजे ‘फ्लोर दो मार’. लिस्बनमध्ये १५०२ साली बांधलेलं. भारताची वारी करून ते परत गेलं, पुन्हा आलं, गळतीपायी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर महिनोन्महिने अडकलं. १५०९ मध्ये दीवच्या लढाईत होतं, १५१० मध्ये गोव्यावर आलं, १५११ मध्ये मलाक्क्याला (आजच्या मलेशियातलं बंदर) गेलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुमात्राजवळच्या वादळात फुटलं. आत लूट होती ती मलाक्क्याची. पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकेर्क त्यावरच होता, तो वाचला. म्हणजे पहिली सफर सोडाच, भारताच्या वारीवरची जहाजं जिथे तीन-चार वर्षांत खिळखिळी व्हायची तिथे हे नऊ वर्षं ओढलं होतं. जुनं, गळकं, वर नको तेवढं भरलेलं. आणि शापाचं म्हणाल तर गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं ते सोळाव्या शतकाच्या मध्याला, हे जहाज बुडून कित्येक वर्षं झाल्यावर. देव नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला, हे आपल्या डिचोलीतलं शाळकरी पोरही सांगेल. गुन्ह्याच्या आधी शिक्षा देणारा देव मी तरी पाहिलेला नाही.

‘रामदास’ १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला जाताना बुडाली. ६०० हून अधिक माणसं गेली. रायगडातल्या कितीतरी घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढतात, त्यामुळे तिच्यावर असले खोटे दागिने चढवलेले बघून चीड येते. बोट १९३६ ची होती. अकरा वर्षं तिने माणसं नेली-आणली. भर पावसाळा, खचाखच भरलेली बोट, लाटेला घाबरून एका बाजूला धावलेली माणसं. यात न उलगडणारं काय आहे?

‘वीजळी’चं खरं नाव ‘वैतरणा’. तिच्यात विजेचे दिवे होते म्हणून लोक वीजळी म्हणायचे. कच्छच्या मांडवीहून मुंबईला येताना (आपली मांडवी नदी नव्हे) ८ नोव्हेंबर १८८८ च्या वादळात ती सातशेहून अधिक माणसांसकट नाहीशी झाली. १८८५ ची बोट, तीन वर्षं चालत होती. ‘गुजरातचं टायटॅनिक’ म्हणता म्हणता लोकांनी तिला टायटॅनिकची पहिली फेरीही चिकटवून टाकली.

आता टायटॅनिक. नंबराची गोष्ट आमच्या शेजारच्या कायतान अंकलनेही मला पाठवली होती, डोळे मोठे केलेल्या इमोजीसकट. टायटॅनिकचा यार्डातला नंबर होता ४०१ आणि सरकारी नोंदणीचा १३१४२८. दोन्ही आरशासमोर धरून बघा, पोपचं नाव दिसलं तर कळवा. ती ममी म्हणजे खरं तर ममीच्या पेटीवरची रंगवलेली लाकडी फळी. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये होती आणि आजही तिथेच आहे. एवढं पुरे.

बाटलीचं मात्र अर्धं खरं आहे. टायटॅनिकवर बाटली फोडली नव्हती. पण त्या कंपनीत ती पद्धतच नव्हती. तिची थोरली बहीण ‘ऑलिंपिक’, तोच यार्ड, जवळजवळ तोच आराखडा, तिच्यावरही फोडली नव्हती. ऑलिंपिक १९११ पासून १९३५ पर्यंत त्याच अटलांटिकवर ये-जा करत राहिली आणि शेवटी म्हातारी होऊन भंगारात गेली. हल्ली याच्या जोडीला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’चं नाव घेतात, की तिच्या नामकरणात बाटली फुटलीच नाही. फुटली नव्हती, खरं. पण ती खडकावर गेली २०१२ साली, आणि नामकरण होतं २००६ चं. मधली साडेपाच वर्षं अपशकुन काय सुट्टीवर होता?

अमावास्येवर जरा थांबतो, कारण दर्यावर पोट असलेला माणूस अमावास्येला हसत नाही आणि हसूही नये. अमावास्येला आणि पुनवेला उधाण असतं, नदीच्या तोंडाशी पाणी वेगळं वागतं. टायटॅनिक निघाली १० एप्रिल १९१२ ला, बुधवारी. हिमनगावर आदळली १४ च्या रात्री, बुडाली १५ च्या पहाटे. अमावास्या होती १७ ला. त्या दिवशी युरोपात सूर्यग्रहणसुद्धा लागलं होतं. म्हणजे फॉरवर्ड चुकला, पण अगदीच नाही. त्या रात्री आकाशात चंद्र नव्हता, समुद्र तेलासारखा स्थिर होता, हिमनगाच्या पायथ्याशी लाट फुटून पांढरी रेघ दिसते तीही नव्हती. डोलकाठीवरच्या माणसाला हिमनग दिसला तेव्हा वेळ निघून गेली होती. अंधाराने नुकसान केलं. त्या अंधारातही बोट बर्फाच्या वार्ता हाती असताना जवळजवळ पूर्ण वेगाने चालली होती आणि होड्या सगळ्या मिळून ११७८ माणसांपुरत्या होत्या, माणसं होती २२०० वर. यातलं काहीच ‘पहिल्या फेरी’चं नाही. हीच चूक दहाव्या फेरीत केली असती तरी तेच झालं असतं.

१९५९ च्या जानेवारीत ग्रीनलंडहून परतताना गेलेल्या ‘हान्स हेडटॉफ्ट’ या डॅनिश बोटीचंही तसंच. पहिलीच फेरी, बर्फाला तोंड देईल अशी खास बांधणी, आणि ऐन हिवाळ्यात हिमनग. ९५ माणसं गेली, हाती लागलं ते फक्त एक लाइफबॉय, म्हणजे बुडत्याला धरायचं तरंगतं कडं. ग्रीनलंडच्या जुन्या चर्चनोंदणीच्या वह्या डेन्मार्कला सुरक्षित ठेवायला म्हणून तिच्यातूनच पाठवल्या होत्या. जुन्या नोंदींसाठी पणजीच्या पुराभिलेखात खेटे घातलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते गोवेकराला सांगायला नको.

आता फॉरवर्डवाल्याला जे सापडायला हवं होतं ते सांगतो. पहिल्या फेरीत पहिल्या फेरीमुळेच बुडालेली जहाजं खरोखर आहेत, आणि त्यांची कारणं लख्ख लिहून ठेवलेली आहेत.

स्वीडनच्या राजाने बांधून घेतलेलं ‘व्हासा’. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमच्या धक्क्यावरून निघालं. ६४ तोफा, दोन मजल्यांवर. राजा लढाईवर होता आणि घाई करत होता. निघण्याआधी कप्तानाने एक चाचणी करून दाखवली: तीस माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदम पळायला लावलं. तीन खेपांत जहाज इतकं कलू लागलं की हजर असलेल्या नौदल अधिकाऱ्याने पळणं थांबवायला सांगितलं. पळणं थांबलं, जहाज थांबवलं नाही. तळात दगडांचं वजन होतं, पण वरच्या तोफांच्या मानाने अपुरं. आणखी दगड भरावेत तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकणार. सलामीसाठी खिडक्या उघड्या होत्या. वाऱ्याची दुसरी झुळूक आली, जहाज कललं, खिडक्यांतून पाणी आत शिरलं. जेमतेम १३०० मीटर गेलं होतं. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही. १९६१ मध्ये वर काढलेलं ते जहाज आज संग्रहालयात उभं आहे, शाप शोधायचा असेल त्याने जाऊन मोजमापं बघावीत.

दुसरं ‘टेलर’. १८५४ च्या जानेवारीत लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला निघालं, दोन दिवसांत आयर्लंडजवळच्या लॅम्बे बेटावर आपटलं, तीनशेवर माणसं गेली. जहाज लोखंडी. लोखंड ठोकून ठोकून जहाज बांधतात तेव्हा ते स्वतःच एक मोठं लोहचुंबक होऊन बसतं, आणि पाण्यात हादरे बसले की ते चुंबकत्व बदलतंही. होकायंत्र खोटं बोलायला लागलं. कप्तानाला वाटलं आपण दक्षिणेला चाललोय, जहाज चाललं होतं पश्चिमेला, सरळ किनाऱ्याकडे. त्यात नव्या कोऱ्या दोऱ्या सैलावत होत्या आणि खलाशी एकमेकांना नवखे. स्कोर्सबी नावाच्या शास्त्रज्ञाने हा होकायंत्राचा घोळ इतका मनावर घेतला की १८५६ मध्ये तो स्वतः लोखंडी जहाजातून ऑस्ट्रेलियापर्यंत मोजमापं घेत गेला. त्याच धड्यामुळे आज नवं जहाज मुरगाव बंदरातसुद्धा एका जागी गोल गोल फिरवून होकायंत्र किती चुकतंय त्याचा तक्ता लिहून ठेवतात.

आमच्या यार्डात बार्ज पाण्यात उतरली की कल काढायचे. हौदात लांब दोरीवर ओळंबा सोडायचा. तो झुलत राहू नये म्हणून त्याचं टोक जळक्या ऑइलच्या बादलीत बुडवायचं. ती बादली आणि ते ऑइल माझ्या खात्यातून जायचं, म्हणून मी जवळ उभा असायचो. मग मोजून घेतलेली लोखंडी वजनं एका कडेवरून दुसऱ्या कडेला न्यायची आणि ओळंबा किती सरकला त्याची पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची. त्यावरून बोटीचा भार किती उंचावर आहे ते निघतं. त्या वेळी डेकवर कुणी हलायचं नाही. एकदा चार-पाच पोरं सावली बघून एका बाजूला सरकली तर सर्व्हेयरने सगळ्या खुणा पुसून पहिल्यापासून करायला लावलं. व्हासावर तीस माणसं पळवली, इथे पाच हललेली चालत नाहीत. नारळ मात्र आम्ही दर वेळी फोडायचो, बादली आणायच्या आधी.

मुंबईच्या वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’च्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ते सागवानी जहाज आजही इंग्लंडमध्ये तरंगतंय. मला तो खिळाही आवडतो आणि ते सागवानही. आणि शाप दिवाडीचाच हवा असेल तर दिवाडीचंच बघा. तिथे बांधलेली ‘म्हादेई’ आधी मॉरिशसला जाऊन आली, मग कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिथेच काथ्याने फळ्या शिवून केलेली ‘कौंडिण्य’, जिच्यात इंजिन नाही की खिळा नाही, २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून निघाली आणि मस्कतला पोहोचली.

तर मावशीला मी म्हटलं, मला बोट दाखवा. मालीमला गेलो. मावसभावाने सगळं हौसेने केलं होतं, नवा विंच, मोठं केबिन, आणि केबिनच्या छपरावर, सोयीचं म्हणून, पाण्याची ५०० लिटरची टाकी. भरली की अर्धा टन, तोही बोटीच्या सगळ्यात उंच जागी.

“दादा, टाकीने काय होतंय?” तो म्हणाला.

दोर सैल करून घेतले. चार खलाशी एका कडेला उभे केले, ताल धरून बोट डुलवली आणि मोबाईलवर वेळ लावला. या कडेवरून त्या कडेला जाऊन परत यायला साडेसहा सेकंद. भार जितका वर, तितका हा वेळ जास्त. बोट उठायला आळस करत होती, बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या ते आधीच ध्यानात आलं होतं, पण मालकाला कोण सांगणार. टाकी रिकामी करून खाली उतरवली, इंजिनच्या बाजूला बसवली, पुन्हा डुलवली. सहाच्या आत आली.

मावशीने संध्याकाळी फोन केला. टाकी उतरवली हे ऐकून तिने विचारलं, “मग नारळ एक आणू की पाच?”