हिम पडून गेल्यावर पेरा

पेट्युनियाच्या फुलझाडाच्या बियांच्या पाकिटावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत सूचना आहे : शेवटचं हिम पडून गेल्यावर पेरा. मी राहतो ठाण्यात. इथे शेवटचं सोडा, पहिलंच अजून पडायचंय. शेजारच्या मुंबईत, सांताक्रूझला नोंदलेला नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२ चा. महाराष्ट्रातलं हिम म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी गोठलेलं दव. ते दर हिवाळ्यात पेपरात फोटोसकट येतं आणि बातमी वाचून होईस्तोवर वितळतं.

हिम नाही म्हणजे बारा महिने मोकळं रान, हवं ते हवं तेव्हा लावा, असं कोणालाही वाटेल. पण हिमाने ठरवायची तारीख हिमच ठरवत नसल्यामुळे ती आमच्याकडे बाकी सगळे ठरवतात.

नर्सरीवाल्या भैयांचं पंचांग सर्वांत सोपं. "साहब, यही तो सीझन है." हे ते ऑक्टोबरात सांगतात आणि मे महिन्यात घाम पुसतही सांगतात. त्यांच्या मते सीझन गिऱ्हाईक आलं की सुरू होतो.

गुहागरची आत्या नक्षत्रांशिवाय बोलत नाही. "मृग लागला की झेंडू टाक रे!" मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास. पुढे एकट्या जुलैत मुंबईवर ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, आणि झेंडूला साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. हे सांगितल्यावर आत्याने विचारलं, "यंदा वाहन काय आहे?" मी म्हटलं, "रिक्षानेच जातो अजून." तिला पंचांगातलं, नक्षत्राचं वाहन हवं होतं. बेडूक की गाढव, ते बघून ती पाऊस ठरवते. (वेधशाळेवर तिचा विश्वास नाही. गाढवावर आहे.)

खरी मेख दसऱ्याची. बी टाकल्यापासून झेंडू फुलायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, म्हणजे मृगावरचा झेंडू ऑगस्टातच फुलून मोकळा. दसऱ्यापासून मागे मोजावं, तर दसरा एका जागी बसेल तर शपथ! २०२३ साली अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२५ मध्ये तोच २ ऑक्टोबरला. अधिक महिना आहे हे झेंडूला कोण सांगणार? शेवटी तोरणाची फुलं बाजारातूनच येतात, दसऱ्याच्या भावाने. आमची फुलतात ती कोजागरीला, दूध आटवताना.

शेवंतीला मात्र तारखेशी घेणंदेणं नाही. तिला रात्र लागते, लांब आणि सलग. दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरते. मध्येच उजेड पडला तर तिचा हिशेब चुकतो. आणि आमच्या सोसायटीने पार्किंगवर नवा एलईडी फ्लडलाइट लावलाय, नेमका बाल्कनीच्या रोखाने. मी सेक्रेटरींना विनंती केली, सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता रात्री बंद ठेवता येईल का?

"कशासाठी?"

"शेवंतीची झोप होत नाही."

त्यांनी मिसेसना काही दिवस माहेरी पाठवायचा सल्ला दिला. कुंडीतली शेवंती, असा खुलासा केल्यावर ते अधिकच काळजीत पडले. विषय कमिटीत गेला. तिथे सुरक्षेचा मुद्दा निघाला, मग पार्किंगचा, मग गळतीचा, आणि चहा झाल्यावर सभा संपली.

शेवंती पिकवणारे शेतकरी अवेळी फुलं हवी असली, की काळं कापड टाकून तिला रोज तेरा-चौदा तासांचा अंधार देतात. आमच्याकडे काळं असं एकच आहे, न्हाणीघरातली मोठी बादली. ती संध्याकाळी सहाला कुंडीवर पालथी पडते आणि सकाळी आठला निघते. तोवर घरात कोणाची आंघोळ होत नाही. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांना हे आम्ही फोनवरच सांगून ठेवतो.