मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही, मग फाटतो कुठून?

गणपती जवळ आले की आपल्याकडच्या वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप फिरायला लागतो. सार असं: मिडी केबल (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडणारी) लांब झाली की आवाज फाटतो, ऑक्टापॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक तालपॅड) मिडीने जोडला की कीबोर्ड भलतेच सूर वाजवतो, ठेका उशिरा पोचतो, तेव्हा 1983 सालचं हे तंत्र फेका आणि यूएसबीने जोडा, मंडपातला हमसुद्धा (स्पीकरमधली सततची घुंऽऽ) जाईल.

पहिला मुद्दा मुळातच चुकलाय. मिडीतून आवाज जात नाही, सूचना जाते: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने, आता सोडली. भजनात बुवांनी हात केला की पखवाज उठतो, पण नाद काही बुवांच्या हातातून येत नाही. केबल फार लांब झाली तर सूचना गळेल, आवाज फाटणार नाही. शिवाय मर्यादा 15 मीटरची आहे. आपल्या स्टेजवर पॅड आणि कीबोर्डात एवढं अंतर असतं कुठे? आवाज फाटत असेल तर आधी मिक्सरचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) बघा.

भलत्या सुरांची तक्रार मात्र खरी आहे, पण दोष केबलचा नाही. पॅडच्या प्रत्येक खणाला एक नोट नंबर असतो. जनरल मिडीत, म्हणजे आवाजांच्या ठरलेल्या सामाईक यादीत, स्नेअर ड्रमचा नंबर 38; पियानोवर तोच खालच्या सप्तकातला एक सूर. मिडीत 16 चॅनेल असतात. पॅड चॅनेल 1 वर पाठवतोय आणि कीबोर्डवरचा पियानोही 1 वरच ऐकतोय, तर स्नेअर मारल्यावर पियानो वाजणारच. पॅडचं चॅनेल 10 करा, जनरल मिडीत तालवाद्यांचं तेच. आणि पॅडचा स्वतःचाच आवाज हवा असेल तर मिडी जोडताच कशाला? पॅडची ऑडिओ केबल सरळ मिक्सरला द्या.

उशीर? मिडी सेकंदाला 31,250 बिट पाठवते. एका ठोक्याची सूचना तीन बाइटची, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. स्पीकरपासून साडेतीन मीटरवर उभं राहिलात तर आवाज कानापर्यंत यायलाच दहा लागतात. जाणवणारा उशीर बहुधा मधल्या मोबाइलमधल्या किंवा लॅपटॉपमधल्या ॲपचा असतो.

राहिला यूएसबीचा सल्ला. पॅड आणि कीबोर्ड या दोघांनाही चौकोनी यूएसबी पोर्ट असेल तर ते एकमेकांशी बोलतच नाहीत, मध्ये लॅपटॉप किंवा होस्ट (दोघांना जोडून देणारं यंत्र) लागतो. हमचं तर उलटंच आहे. पाच पिनांच्या मिडी इनमध्ये ऑप्टो-आयसोलेटर असतो, सूचना आत प्रकाशाच्या रूपाने ओलांडते, त्यामुळे दोन वाद्यांचं अर्थिंग जोडलं जात नाही. साध्या यूएसबीत ते जोडलं जातं. एक वाद्य जनरेटरवर आणि दुसरं घरच्या लाइनवर असलं की यूएसबीनेच हम वाढू शकतो. आणि जुनं म्हणाल तर 2020 साली आलेलं मिडी 2.0 सुद्धा जुन्या वाद्यांशी जुळवून घेतं.

निरोपात नसलेलं एक खरं दुखणं सांगतो. खाऱ्या, दमट हवेत पिना काळ्या-हिरव्या पडतात. पट्टी सोडल्याची सूचना मध्येच गळली की सूर अडकतो, थांबत नाही. कार्यक्रमाआधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि कीबोर्डवरचं पॅनिक बटण (अडकलेले सूर बंद करणारं) कुठे आहे ते वादकाला आधीच दाखवून ठेवा.