‘रिकव्हरी डिस्क मिळाल्याशिवाय लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवायचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. विंडोजचं लायसन्स हार्ड डिस्कवर असतं, त्यामुळे डिस्क बदलली की ते जातं. विंडोज पुन्हा टाकायची तर लॅपटॉपच्या कंपनीचीच रिकव्हरी डिस्क लागते, इंटरनेटवरून उतरवलेली विंडोज बेकायदा असते. डिस्क मिळत नसेल तर रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्तीसाठी वेगळा राखलेला डिस्कचा भाग) नव्या ड्राइव्हवर कॉपी करा. आणि एकदा रिकव्हरी ड्राइव्ह (विंडोज दुरुस्त करणारा किंवा पुन्हा उभी करणारा पेनड्राइव्ह) बनवला की बॅकअपची चिंता नको. यातली दुसरी गोष्ट एके काळी अर्धीमुर्धी खरी होती. बाकीच्या तीन तेव्हाही चूक होत्या, आणि चौथीमुळे तर हकनाक डेटा जातो.

‘लायसन्स हार्ड डिस्कवर असतं’

नसतं. २०१२ साली विंडोज ८ आली तेव्हापासून लॅपटॉपसोबत येणारी प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डवरच्या चिपमधलं कायमचं सॉफ्टवेअर) लिहिलेली असते. सेटअप ती तिथून स्वतःच वाचतो, म्हणून विंडोज पुन्हा टाकताना बहुतेक लॅपटॉपवर की विचारलीच जात नाही. विंडोज १० पासून डिजिटल लायसन्सची भर पडली. तुमच्या मशीनची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहते आणि त्या नोंदीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला असतं. मदरबोर्ड बदलला तर अडचण येऊ शकते, डिस्क बदलल्याने येत नाही. डिस्क काढण्याआधी सेटिंग्जमधलं ॲक्टिव्हेशनचं पान उघडून विंडोज डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेट आहे का आणि एडिशन कोणती (होम की प्रो), एवढं टिपून ठेवा.

एडिशन टिपायचं कारण असं, की फर्मवेअरमधली की होम सिंगल लँग्वेजची असेल तर सेटअप न विचारता तीच एडिशन टाकतो. तुम्ही मधल्या काळात पैसे भरून प्रो घेतली असेल, तरी नव्या डिस्कवर आधी होमच येईल आणि प्रो नंतर ॲक्टिव्हेशनच्या पानावरून चढवावी लागेल. लोक हे पाहतात आणि ‘लायसन्स गेलं’ म्हणून बोंब मारतात.

विंडोज ७ च्या काळातही लायसन्स डिस्कवर नव्हतं. २५ अक्षरांची की लॅपटॉपच्या खालच्या बाजूच्या किंवा बॅटरीच्या कप्प्यातल्या स्टिकरवर असायची. एक गोची मात्र होती, आणि जुनं मशीन चालवणाऱ्यांना ती आजही नडते. कारखान्यात टाकलेल्या विंडोजमध्ये स्टिकरवरची की वापरलेलीच नसायची. त्या कंपनीच्या त्याच एडिशनच्या सगळ्या मशीनना एकच सामाईक की असायची आणि ती बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फर्मवेअरमधल्या) खुणेशी जुळवली जायची. की शोधून देणारी सॉफ्टवेअर ही सामाईक की दाखवतात. ती साध्या विंडोज ७ डीव्हीडीने इन्स्टॉल करताना घातली तर ॲक्टिव्हेशन नाकारलं जातं. तिथे स्टिकरवरचीच की लागते, तेव्हा अक्षरं पुसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

‘कंपनीचीच डिस्क लागते’

हा दावा कुठून आला ते समजण्यासारखं आहे. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काळात बऱ्याच कंपन्यांनी डिस्क देणं बंद केलं आणि रिकव्हरीची इमेज (विंडोजची कारखान्यातली जशीच्या तशी प्रत) हार्ड डिस्कच्याच लपवलेल्या पार्टिशनमध्ये टाकली. डीव्हीडींचा संच ग्राहकाने स्वतः बर्न करायचा, आणि काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर तो एकदाच करू द्यायचं. ज्याने तो केला नाही आणि ज्याची डिस्क मेली, त्याला कंपनीकडून डिस्क मागवण्यावाचून फारसा पर्याय नसायचा.

आज तशी वेळ येत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवून देतं. हे डाउनलोड अधिकृत आहे आणि फर्मवेअरमधल्या कीने ते बिनबोभाट ॲक्टिव्हेट होतं. कारखान्यातून आली तशीच इमेज हवी असेल तर डेल, एचपी आणि लेनोव्हो यांची स्वतःची मोफत टूल आहेत. सर्व्हिस टॅग, सीरियल नंबर किंवा प्रॉडक्ट आयडी दिला की ती त्या मॉडेलची इमेज उतरवतात. त्यासाठी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला की जागेचा प्रश्न येत नाही. आमचं मत विचाराल तर इमेजसोबत येणारी ट्रायल अँटिव्हायरसची खोगीरभरती कशाला? कोरी विंडोज आणि दोन ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) एवढं पुरतं.

त्यातला पहिला वाय-फायचा. विंडोज ११ चा सेटअप सुरुवातीलाच इंटरनेट मागतो आणि वाय-फाय ओळखलं गेलं नाही तर गाडी तिथेच अडते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं की बहुतेक वेळा सुटका होते.

दुसरा ड्रायव्हर स्टोरेजचा, आणि नवी एसएसडी खराब समजून परत करणाऱ्यांपैकी अनेकांचं घोडं इथेच पेंड खातं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची, स्टोरेज सांभाळणाऱ्या कंट्रोलरची सोय बायोसमध्ये चालू असते. एसएसडी या कंट्रोलरच्या मागे बसते आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसेल, तर ‘विंडोज कुठे टाकायची’ विचारणाऱ्या पडद्यावर ड्राइव्हची यादी कोरी दिसते. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. तो सेटअप फाइलच्या रूपात आला तर आधी उलगडा, कारण इन्स्टॉलरला आतल्या आयएनएफ फाइल लागतात. फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा, त्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून फोल्डर दाखवा, यादीतला व्हीएमडीचा ड्रायव्हर निवडा. ड्राइव्ह लगेच दिसतो. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा दुसरा मार्ग, पण तो फक्त कोऱ्या इन्स्टॉलसाठी. क्लोन केलेल्या (जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उतरवलेल्या) विंडोजखालून ही सोय काढून घेतली तर ती बूट डिव्हाइस सापडत नसल्याची निळी स्क्रीन दाखवून थांबते.

‘ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे विंडोज टाकता येत नाही’ असा संदेश आला तर दोष डिस्कचा नाही. पेनड्राइव्ह जुन्या लेगसी पद्धतीने बूट झालाय. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातली यूईएफआय (बूटची नवी पद्धत) लिहिलेली नोंद निवडा.

‘रिकव्हरी पार्टिशन कॉपी करून टाका’

विंडोजच्या डिस्कवर साधारण चार पार्टिशन असतात: बूटच्या फाइलचं १०० एमबी किंवा थोडं मोठं ईएफआय, १६ एमबीचं राखीव, तुमची सी ड्राइव्ह आणि लपवलेलं रिकव्हरी. कोणतं पार्टिशन कुठे आहे याची नोंद बूटच्या माहितीत त्या-त्या पार्टिशनच्या ओळख क्रमांकाने केलेली असते. एक्सप्लोररमधून फाइल उचलून नव्या डिस्कवर ठेवल्या तर फाइल येतात, या नोंदी येत नाहीत, आणि मशीन त्यांना ढुंकून विचारत नाही. एकतर पूर्ण डिस्क क्लोन करा, नाहीतर कोरी विंडोज टाका. कोरी टाकली तर सेटअप ही सगळी पार्टिशन स्वतः तयार करतो, रिकव्हरीसकट.

क्लोनमध्ये दोन खाचखळगे आहेत. ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ४८० जीबीची एसएसडी अशी जोडी असेल तर क्लोनझिलासारखं टूल लक्ष्य लहान आहे म्हणून नकार देतं, मग आत डेटा ६० जीबी का असेना. अशा वेळी फक्त वापरलेला भाग उचलून पार्टिशनचा आकार बदलणारं सॉफ्टवेअर वापरा. उलट एसएसडी मोठी असेल तर उरलेली जागा शेवटी पडते आणि सी ड्राइव्ह व ती जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. म्हणून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं. पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरने रिकव्हरी पार्टिशन शेवटाला न्या, मग सी ड्राइव्ह वाढवा. हलवतानाच ते १ जीबीपर्यंत मोठं करून टाका. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरीच्या एका सुरक्षा अपडेटला या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती आणि ती नसलेल्या असंख्य मशीनवर ते अपडेट पुन्हा पुन्हा फसत राहिलं. क्लोन झाल्यावर पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करा.

‘रिकव्हरी ड्राइव्ह बनवला की बॅकअप झाला’

रिकव्हरी ड्राइव्हमध्ये तुमचा एकही फोटो नसतो, तुम्ही टाकलेलं एकही सॉफ्टवेअर नसतं. बनवताना सिस्टिम फाइलचा बॅकअप घेण्याच्या चौकोनात टिक असेल तर त्यातून कोऱ्या एसएसडीवर विंडोज उभी करता येते. यासाठी किमान १६ जीबी, प्रत्यक्षात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. टिक काढली तर त्यात फक्त दुरुस्तीची साधनं उतरतात आणि ‘ड्राइव्हवरून रिकव्हर करा’ हा पर्यायच पुढे येत नाही. विंडोज ७ मधली एका सीडीत मावणारी सिस्टिम रिपेअर डिस्कही याच जातीची, तिच्यातही विंडोज नव्हतीच. शिवाय रिकव्हरी ड्राइव्ह बनवताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. फाइलचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या.

जुनी डिस्कच बॅकअप म्हणून कपाटात ठेवू, असं म्हणणाऱ्यांनी आधी एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणारी सोय) पाहावं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉग-इन करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन गुपचूप चालू होतं. अशी डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घालून जोडली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते, पण कोणत्या अकाउंटवर हे अनेकांना आठवत नाही. स्क्रू काढण्याआधी ती उघडून कागदावर उतरवा.

आता उरली ती मशीन, जिथे कंपनीची डिस्क खरंच सोयीची ठरली असती: एखादं जुनं उपकरण चालवण्यासाठी राखलेला, स्टिकर पुसलेला विंडोज ७ चा लॅपटॉप. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, आणि सप्टेंबर २०२३ पासून जुन्या ७ किंवा ८ च्या कीवर विंडोज १० वा ११ फुकटात चढवण्याची वाटही बंद झाली. इथे डिस्क शोधत बसण्यापेक्षा चालती विंडोज आहे तशी क्लोन करणं शहाणपणाचं, कारण क्लोनसोबत कारखान्यातलं ॲक्टिव्हेशनही येतं. डिस्क खरखरत असेल किंवा स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकड्यांत खराब सेक्टर वाढत असतील तर तिच्यावर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणीचं साधन) चालवू नका. त्या माराने ती मध्येच मान टाकू शकते. आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरचा डेटा उतरवणारं सॉफ्टवेअर) वाचता येईल तेवढं नव्या ड्राइव्हवर उतरवा, आणि चेकडिस्क त्या प्रतीवर चालवा.