प्रोटेस्टंटांनी चर्चमधली सगळी चित्रं फोडली?

सोळाव्या शतकात युरोपात पोपची सत्ता झुगारणारा प्रोटेस्टंट पंथ आला आणि अडाणी जमावांनी चर्चमधल्या झाडून साऱ्या मूर्ती-चित्रांची मोडतोड केली, धर्मगुरूंची नि राजांची त्याला फूसच होती, असं विधान सर्रास फिरतं. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमाव चर्चमध्ये घुसले, हे खरं. पण तेवढ्यावरून सगळ्यांना एकाच माळेत ओवणं मला अन्यायाचं वाटतं.

‘अडाणी जमाव’ म्हणता, तर इंग्लंडमधल्या सॉल्झबरीचं सेंट एडमंड चर्च पाहा. तिथल्या एका रंगीत खिडकीत सृष्टीच्या निर्मितीची चित्रं होती. देव म्हणजे लाल-निळ्या अंगरख्यातला म्हातारा, हातात कंपास घेऊन सूर्य-चंद्र आखणारा! आक्षेप घेतला हेन्री शेरफिल्डने. हा वकील, पार्लमेंटचा सदस्य, शिवाय चर्चचा कारभार पाहणाऱ्या व्हेस्ट्रीतला. देवाला असं रूप देणंच चूक, त्यात सृष्टी घडवल्याच्या दिवसांचा क्रम बायबलशी जुळत नाही, वर लोक त्या खिडकीपुढे वाकतात, असं त्याचं म्हणणं. १६३० च्या आरंभी व्हेस्ट्रीने रीतसर ठराव केला: खिडकी काढून साधी काच बसवावी.

आता धर्मगुरूंची फूस. तिथला बिशप (वरिष्ठ धर्मगुरू) जॉन डेव्हनंट स्वतः मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या मताचा, त्या मताच्या लोकांनी नेदरलँड्समधल्या डॉर्टला भरवलेल्या धर्मसभेलाही गेलेला. तरी त्याने खिडकीला हात लावायला मनाई केली. ऑक्टोबरात शेरफिल्ड एकटाच आत शिरला, दार लावून घेतलं आणि काठीने काचा फोडू लागला. फोडता फोडता खाली कोसळला आणि जखमी झाला. जमाव कुठे होता?

राजसत्ता तर त्याच्यावर उलटलीच. १६३३ च्या फेब्रुवारीत स्टार चेंबर या राजाच्या न्यायालयाने त्याला ५०० पौंड दंड ठोठावला आणि बिशपपुढे चूक कबूल करायला सांगितलं. देवाचं असं चित्र असू नये, हे काही न्यायाधीशांनाही पटत होतं. गुन्हा ठरला तो अधिकार नसताना हात उचलल्याचा. ‘अडाणी जमाव’ म्हणून हात झटकले की चर्चवर सत्ता कोणाची, हा सगळा झगडाच नजरेआड होतो.

राहिला ‘सगळी’ हा शब्द. स्वित्झर्लंडच्या झुरिचमध्ये १५२४ साली नगरपरिषदेने मूर्ती खरोखरच काढल्या, पण चर्चची दारं बंद करून, कारागीर लावून. जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये मोडतोड सुरू झाली तेव्हा प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या खुद्द मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये परत येऊन तिच्याविरुद्ध प्रवचनं दिली. आणि जर्मनीतलंच न्युरेंबर्ग शहर १५२५ मध्ये ल्यूथरच्या बाजूला गेलं, तरी तिथल्या सेंट लोरेन्झ चर्चमध्ये फाइट श्टॉस या शिल्पकाराने त्याआधी कोरलेली मेरी आणि देवदूत आजही टांगलेले आहेत.