दचकली म्हणजे दचकलीच

संध्याकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. सातवीतल्या भाचीचा इंग्रजीचा पेपर मिळाला. वाक्य होतं, 'शी स्टार्टेड अ‍ॅट द नॉइज'. पोरीनं लिहिलं, 'आवाजाने ती दचकली.' त्यावर लाल पेनाची भली मोठी फुली आणि शेजारी बाईंच्या अक्षरात, 'तिने आवाज सुरू केला.' दोन मार्क गेले. मार्क गेले चुलीत, पण बरोबर उत्तराला फुली?

अहो, स्टार्टचा जुना अर्थच मुळी उडी मारणं, दचकणं! सुरुवात वगैरे मागाहून आलं. 'स्टार्टल' त्याच घरातला. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकात चेटकिणी राजा होशील म्हणतात तेव्हा मॅकबेथ दचकतो, आणि इतकं चांगलं ऐकून दचकतोस का, असं त्याचा सोबती बँको विचारतो, तिथे 'स्टार्ट'च वापरलाय. इंग्रज शिकारी ससा 'स्टार्ट' करतात म्हणजे झुडपातून उठवतात. आपण रान उठवतो ना, तसंच.

मला हे पुस्तकानं नाही शिकवलं. आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. अण्णा हँडल मारायचे आणि मी वरची छोटी दांडी उचलून धरायची. ते "सोड!" म्हणाले की सोडायची. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचे, कारण उलटं फिरलं तर हात मोडायचा. पहिला 'धप्प' झाला की अख्खं इंजिन जागच्या जागी उसळायचं, मी दोन पावलं मागे, पाटावरचे बगळे आभाळात. अण्णा हसायचे. "दचकलीस? अगं, ते पण दचकूनच जागं होतं."

मान्य, साठ पोरांचे पेपर तपासताना बाईंचीही दमछाक होत असेल. पण शंका आली तर डिक्शनरी उघडायला किती वेळ लागतो? एकाच शब्दाचे किती संसार! हॉटेलात जेवणाआधी येतो तो स्टार्टर, विहिरीच्या मोटारीला असतो तो स्टार्टर, शर्यतीत पिस्तूल झाडतो तो माणूसही स्टार्टर. पोरांना ही गंमत दाखवायची सोडून आपण एकच अर्थ घोकायला लावतो. बाकीचे लिहिले की फुली! संताप येतो मला.

पेपर परत परत बघतेय. 'दचकली'तला 'च' तिनं किती नीट काढलाय. विचारलं, तुला कसं कळलं गं? म्हणाली, "मावशी, आवाज झाला की माणूस दचकतोच ना." अण्णा असते तर तिला उचलून इंजिनापाशी नेलं असतं, आणि वरची दांडी तिच्या हातात दिली असती.

उद्या शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. डिक्शनरीत खूण घालून ठेवलीय, बाईंना ते पान दाखवीन. भाची मघाशी विचारत होती, बाईंचं उत्तर वहीत उतरवून घेऊ का? म्हटलं, तुझं आहे तेच राहू दे.